नऊ नंबरच्या टाकीचे पाहणारे

१

कारखान्यात तिला सगळे मीटरबाई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. दाबाची, पातळीची, तापमानाची, वायूंची, झाडून सगळी मीटरं तिच्या ताब्यात. पूर्वी सकाळची फेरी म्हणजे नुसती पायपीट. शिडी चढा, काचेवरची धूळ पुसा, आकडा वाचा, शिडी उतरा, पुढची शिडी चढा. तिच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला तेव्हा कुठे वरच्या साहेबांना जाग आली आणि नवी मीटरं आली.

ही नवी मीटरं भारी शहाणी. मुठीएवढा जीव, पण प्रत्येकाच्या पोटात आपापली वेबसाइट. हसू नका, खरंच सांगतोय. लॅपटॉपवर मीटरचा पत्ता टाकला की त्याचं पान उघडायचं. वर मीटरचं नाव, मध्ये ठळक आकडा, त्याखाली आलेख आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत एक ओळ : ‘आत्ता पाहणारे’. ही ओळ कशाला, तर मुठीएवढ्या जिवाची ताकद ती किती? एका वेळी फार तर चार जणांना तो पान दाखवू शकायचा. पाचवा आला की ‘जागा नाही’ म्हणून सरळ दार लावून घ्यायचा.

तर आता मीटरबाईंची फेरी खुर्चीत बसून व्हायची. टेबलावर चहाचा कप, समोर लॅपटॉप, एकेक पान उघडायचं, आकडा बघायचा, पुढे जायचं. शेवटच्या ओळीत कायम ‘१’. म्हणजे ती स्वतः. दुसरं कोण बघणार? मीटरच्या पानात बघण्यासारखं असतं काय?

त्या दिवशी तिने नऊ नंबरच्या टाकीच्या ऑक्सिजन मीटरचं पान उघडलं. आकडा वीस पॉइंट नऊ. मोकळ्या हवेत असतो तेवढाच, छान. तिने कप उचलला आणि पान बंद करता करता तळाची ओळ दिसली.

आत्ता पाहणारे : २.

बघत असेल कोणीतरी, असं म्हणून तिने चहा प्यायला. चहा तोवर गार झाला होता.

२

“ताई, तुझी मीटरं तर टीव्हीवर यायला लागली गं. आता त्यांना स्थळं सांगून यायची तेवढी राहिलीत.”

हा तिचा धाकटा भाऊ. दारातून आत यायचं म्हणजे त्याला जरा वाकावं लागे, एवढा दांडगा गडी, पण घरात आणि कारखान्यात त्याचं नाव बाळ्याच. टाक्यांच्या आत उतरून गाळ काढणाऱ्या टोळीचा तो मुकादम. ही नोकरी तिनेच त्याला चिकटवून दिली होती. आईने तेव्हा एकच विचारलं होतं, “आत उतरायचं काम आहे म्हणतेस, धोका नाही ना?” आणि हिने छाती ठोकून सांगितलं होतं, “मी आहे ना तिथे!”

“आज कुठे?” तिने विचारलं.

“नऊ नंबर. जेवण झालं की उतरतो. पोरीला आज लवकर येतो म्हणून सांगितलंय. तिला सायकल शिकवायचीय.”

“आत्याला विचारलं का तिने?”

“आत्यालाच तर धरायला बोलावलंय. मागचं सीट.”

तो हसत हसत तिच्या डब्यातला एक लाडू तोंडात टाकून गेला. न विचारता, नेहमीसारखा.

आता नऊ नंबरची गोष्ट सांगायला हवी. त्या टाकीत पेट घेणारा माल साठवत. टाकी रिकामी झाली की तिच्यात नायट्रोजन भरून ठेवत, आगीची भीती नको म्हणून. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. छातीला आपण फसलोय हे कळतसुद्धा नाही. माणूस दोन श्वास घेतो आणि हूं की चूं न करता खाली बसतो. म्हणून माणूस उतरवायच्या आधी पंख्याने चांगली हवा आत मारायची आणि ऑक्सिजन पुरेसा आहे का ते बघायचं.

बघायची जुनी रीत अशी की हातातलं छोटं मीटर दोरीला बांधायचं आणि मॅनहोलमधून तळापर्यंत सोडायचं, विहिरीत तांब्या सोडावा तसं. हवा वाईट असली की ते केकाटायचं. पण नवी मीटरं आल्यापासून दोरी कपाटात गेली. सुरक्षा बघणारे सेफ्टीसाहेब आता मॅनहोलपाशी उभे राहून मोबाइलवर पान उघडत, आकडा वाचत आणि ‘उतरा’ म्हणत. आकडा चांगला असला तर पंखासुद्धा कोणी लावत नसे, मग दोरीचा गुंता कोण सोडवत बसणार?

३

थोड्या वेळाने तिने पुन्हा ते पान उघडलं. पाहणारे दोनच.

कंट्रोल रूममध्ये फोन लावला. तिथे बोर्डासमोर बसणारे बोर्डकाका कायम काहीतरी गुणगुणत असत.

“काका, नऊ नंबरचं पान उघडून बसलाय का?”

“मी कशाला उघडू? मला बोर्डावर आकडा दिसतोय की. वीस पॉइंट नऊ.”

“आणि सेफ्टीसाहेब?”

“ते मीटिंगमध्ये आहेत. डुलक्या काढत असतील.”

तिने त्या तळाच्या ओळीवर क्लिक केलं. कोण कुठून बघतंय त्याचा पत्ता तिथे दिसतो. पहिला पत्ता तिच्या लॅपटॉपचा. दुसरा पत्ता वाचून ती जरा पुढे सरकली. चष्मा पुसून पुन्हा वाचला. तो पत्ता नऊ नंबरच्या मीटरचाच होता. मीटर आपलं पान आपणच बघत होतं.

तिने मीटर बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. पलीकडे एक चुणचुणीत मुलगी होती. सगळं ऐकून घेऊन ती खुदकन हसली.

“नाही हो मॅडम, असं होऊच शकत नाही. त्याच्यात फक्त सर्व्हर आहे. त्याला पान दाखवता येतं, बघता येत नाही.”

“पण पत्ता त्याचाच येतोय.”

“मग तुमच्या नेटवर्कमध्ये काहीतरी गोंधळ असेल. एक करा. मीटरची केबल नेटवर्कमधून काढा, थेट तुमच्या लॅपटॉपला लावा. मग त्या वायरीवर तुम्ही दोघंच. एक तुम्ही, एक मीटर. पाहणारे एकच दिसतील, बघा.”

हे मीटरबाईंना पटलं. पटणारच, कारण त्यांच्या धंद्यात भुतंखेतं नसतात. सैल स्क्रू असतात, ओलावा असतो, उंदराने कुरतडलेली वायर असते. तरी फोन ठेवल्यावर तिने तो पत्ता पुन्हा एकदा ताडून पाहिला. वय झालं, दुसरं काय, असं स्वतःला बजावून ती उठली.

४

केबली जिथे येऊन मिळतात ती खोली टाक्यांच्या आवाराला लागूनच होती. खिडकी नाही. दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, मधे एका माणसापुरती वाट. आत सतत छोट्या पंख्यांची घरघर आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास. बाहेर लख्ख दुपार, जेवणाची सुट्टी, माणसांचे आवाज, कुठेतरी पत्त्यांचा डाव रंगलेला. दार लावलं की सगळं बंद.

तिने नऊ नंबरची केबल शोधली, खटकन उपसली आणि लॅपटॉपला लावली. एका टोकाला ती आणि दुसऱ्या टोकाला, भिंतीपलीकडे, बंद टाकीच्या पोटात टांगलेलं ते मीटर. मधे दुसरं कोणी येईल कुठून?

पान उघडायला जरा वेळ लागला. आधी नाव आलं, मग आकडा, मग आलेख. मग तळाची ओळ.

आत्ता पाहणारे : ३.

ती बघतच राहिली. पंख्यांची घरघर चालूच होती. तिला उगाच वाटलं की त्या घरघरीत आणखी काहीतरी आहे, बऱ्याच जणांनी एका खोलीत श्वास धरून उभं राहिल्यावर जी एक दाटी जाणवते तसं काही. तिने मान वळवून मागे पाहिलं. कपाटं होती. दार होतं. दुसरं काही नव्हतं.

वायरीच्या या टोकाला आपण एकट्या. मग बाकीचे दोघं त्या टोकाला.

हे मनात आलं मात्र, तिने लॅपटॉप फाटकन मिटला. तिची पाचावर धारण बसली होती, आणि तरी तिचं शहाणं डोकं आपलं चालूच : मोजणी चुकत असेल, जुनी जोडणी अडकून बसली असेल, सॉफ्टवेअर आहे, माणसानेच लिहिलंय, माणूस चुकतो. तिने केबल काढून मुकाट्याने जागच्या जागी खोचली. सेफ्टीसाहेबांना पान लागणार होतं, बाळ्या उतरणार होता.

दाराच्या कडीला हात घातला आणि ती थबकली. त्या पानावर आणखी काहीतरी खटकलं होतं. तळाच्या ओळीपायी तिने ते नीट बघितलंच नव्हतं.

आलेख. तो पट्टीने आखल्यासारखा सरळ होता.

५

ऑक्सिजन मीटरचा आलेख कधी सरळ नसतो. हवा हलते, तापते, निवते, आणि आकडा वीस पॉइंट आठ, नऊ, पुन्हा आठ असा डुलत राहतो. सरळ रेघ एकाच वेळी येते, मीटर होल्डवर टाकलं की.

दुरुस्तीच्या वेळी मीटर होल्डवर टाकायची रीत आहे. नाहीतर तुम्ही तिथे स्क्रू पिळताय आणि इकडे कंट्रोल रूममध्ये भोंगे वाजताहेत. होल्डवर टाकलं की शेवटचा आकडा ते घट्ट धरून ठेवतं आणि बोर्डालाही तोच सांगत राहतं. काम झालं की होल्ड काढायचा. परवा तिने याच मीटरची तपासणी केली होती; तेवढ्यापुरती शिडी अजून सुटली नव्हती. वरूनच साखळीने बाहेर काढून, मोकळ्या हवेत, वीस पॉइंट नऊ. परत टाकीत सोडलं आणि तेवढ्यात भावजयीचा फोन आला. पोरीला ताप भरलाय, डॉक्टर कुठला चांगला? ती बोलत बोलत शिडी उतरली. होल्ड काढला का?

नव्हता काढला. अरे देवा, नव्हता काढला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सकाळपासून ती बघणाऱ्यांच्या मागे लागली होती आणि आकडा खोटा होता. परवापासून कोणालाच खरं माहीत नव्हतं की नऊ नंबरच्या पोटात हवा आहे की नायट्रोजन. मग तिने लॅपटॉप उघडला. पानावर जाऊन एक बटण दाबायचं, होल्ड निघेल, आकडा खरा असेल तो दिसेल, भोंगा वाजेल, बाळ्या थांबेल. एका बटणाचं काम.

‘जागा नाही. आत्ता पाहणारे : ४.’

पुन्हा प्रयत्न केला. जागा नाही. पुन्हा. जागा नाही. स्वतःची जागा तिने स्वतःच मघाशी घाबरून सोडली होती, आणि आता चारही जागा भरल्या होत्या. चारांत ती नव्हती.

जमलेत, तिच्या मनात आलं. आता बाळ्या उतरणार म्हणून बघायला जमलेत सगळे.

बाळ्याला फोन लावायचा प्रश्नच नव्हता, टाकीपाशी जाताना टोळीतले सगळे आपापले फोन कपाटात ठेवून जात. सेफ्टीसाहेबांना लावला. एकदा वाजला आणि त्यांनी कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. “अहो घ्या ना मेल्यांनो!” ती त्या रिकाम्या खोलीत ओरडली. बोर्डकाकांचा फोन व्यग्र.

मग ती पळाली. ते गुडघे ज्यांनी शिडी चढायला नकार दिला होता, ते कसे पळाले ते तेच जाणे.

६

मॅनहोल टाकीच्या माथ्यावर होतं. शेवटच्या जिन्यावरून तिला आधी सेफ्टीसाहेबांचं पिवळं हेल्मेट दिसलं, मग बाळ्या. अंगात पट्टे, कमरेला दोर, एक पाय मॅनहोलच्या आत टाकून काठावर बसलेला. त्याचे दोघे गडी दोर धरून उभे. सेफ्टीसाहेब कानाला फोन लावून म्हणत होते, “बोर्डावर वीस पॉइंट नऊ? नक्की? ठीक आहे मग. अरे, उतर रे—”

“बाळ्याऽऽ!”

लहानपणी तो रस्त्यात धावला की ती जशी ओरडायची, तशीच ओरडली. बाळ्याचा पाय जागच्या जागी थांबला. तिने जाऊन त्याच्या पट्ट्याला धरून त्याला मागे ओढलं आणि दोघंही लोखंडी जाळीवर बदकन बसले.

“अगं ताई, काय झालं काय? आई बरी आहे ना?”

तिने हातानेच दोरीची खूण केली. गड्यांपैकी एकाला कळलं. त्याने कपाटातून जुनं मीटर आणि गुंता झालेली दोरी आणली, शिव्या देत देत गुंता सोडवला आणि मीटर आत सोडलं. चार हात दोरीही गेली नसेल, तोच खालून किंचाळी आली. ते छोटं यंत्र असं केकाटत होतं की गड्याच्या हातून दोरी सुटायची बाकी होती.

सेफ्टीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाळ्याने आत टाकलेल्या आपल्या पायाकडे नुसतं पाहिलं.

मीटरबाईंचा जीव आत्ता कुठे भांड्यात पडला. तिने आधी बाळ्याच्या दंडावर एक सणसणीत रट्टा दिला. का दिला तिलाच ठाऊक नाही. मग त्याचं डोकं छातीशी धरून ती हमसून हमसून रडली, गड्यांसमोर, साहेबांसमोर, कोणाची लाज न बाळगता.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मीटर होल्डवर राहिलं. माझ्याकडून राहिलं.”

“अगं, पण आलीस ना वेळेवर,” बाळ्या म्हणाला. “आणि तसंही मी केव्हाच उतरलो असतो. हे साहेबच उतरू देईनात. जेवून आल्यापासून इथे तंगड्या हलवत बसलोय.”

सेफ्टीसाहेबांनी खिशातून मोबाइल काढून तिच्यासमोर धरला. “मी तरी काय करू? आधी पानच उघडेना. मग उघडलं तर म्हणे जागा नाही. डोळ्यांनी आकडा बघितल्याशिवाय मी कोणाला उतरवत नाही, म्हणून थांबवून ठेवलं. शेवटी कंटाळून बोर्डाला विचारलं. कोण बसलं होतं हो एवढं बघत? मला वाटलं, तुम्हीच.”

“मी नव्हते,” ती म्हणाली.

मग गडी पंखा आणायला गेले. बाळ्या पाणी प्यायला उठला. ती मॅनहोलपाशी एकटी राहिली तेव्हा तिने टॉर्च घेतली आणि, अर्थात तोंड दूर ठेवून, आत प्रकाश टाकला.

खाली सपाट काळा गाळ. टाकी रिकामी केल्यापासून तिथे कोणीही उतरलेलं नव्हतं. एका बाजूला भिंतीलगत टांगलेलं ते मीटर, त्याची इवलीशी हिरवट पाटी उजळलेली. आणि त्या उजेडासमोर गाळात पावलं उठली होती. अनवाणी. जवळजवळ, खांद्याला खांदा लावून माणसं उभी राहावीत तशी. सगळ्यांची बोटं मीटरकडे. तिथवर येणारं एकही पाऊल नव्हतं, तिथून जाणारंही नव्हतं. किती जोड्या ते तिने मोजलं नाही. मोजायचा तिला धीरच झाला नाही.

“काय दिसतंय गं?” मागून बाळ्याने विचारलं.

“गाळ,” ती म्हणाली आणि टॉर्च विझवली.

७

या वेळी पान लगेच उघडलं. तिने होल्ड काढला, आकडा धाडकन खाली आला, आणि कंट्रोल रूममधला भोंगा सगळ्या कारखान्याला ऐकू गेला. मग ती स्वतःच्या पायांनी वरच्या साहेबांकडे गेली, सगळं सांगितलं आणि जे ऐकायचं ते मान खाली घालून ऐकलं. ओरडा खाताना माणसाला इतकं हलकं वाटू शकतं हे तिला पहिल्यांदाच कळलं. पावलांबद्दल मात्र तिने ताकास तूर लागू दिली नाही. सांगणार काय आणि कोणाला?

रात्री झोप लागेपर्यंत एकच विचार. ते बघायला जमले होते की वाट अडवायला? तिचं शहाणं डोकं म्हणे, तिसरंच काहीतरी असेल, चारावर मोजणी अडकली असेल, गाळ वाळून भेगाळला असेल. असेलही. पण चार जागा भरल्या नसत्या, तर सेफ्टीसाहेबांना त्यांच्या मोबाइलवर खोटा वीस पॉइंट नऊ दिसला असता, त्यांनी हात हलवला असता, आणि ती अजून त्या खोलीतच असताना बाळ्या तळाशी पोचला असता. याच्यापुढे तिला विचार करवेना. ती उठून पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी, हवा भरपूर मारून झाल्यावर, दोरी तिनेच सोडली. तळाला टेकेपर्यंत सोडली, चारही कोपऱ्यांत फिरवली. मीटर गप्प. टॉर्च टाकली. गाळ एकसारखा, गुळगुळीत, कुठे ओरखडासुद्धा नाही. तरी बाळ्या उतरला तेव्हा दोराचं टोक तिने गड्याच्या हातून काढून स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं, आणि तो आत असेपर्यंत ती जागची हलली नाही. अधूनमधून नुसती हाक मारायची. “बाळ्या?” “आहे गं!” “बाळ्या?” “अगं आहे! काम करू देशील का?”

तो बाहेर आला तो गुडघ्यांपर्यंत काळाठिक्कर, घामाघूम आणि भयंकर भुकेला.

“काही वाटलं का रे आत?” तिने शक्य तितक्या सहजपणे विचारलं.

“काय वाटायचंय? घाण वाटली.” मग हेल्मेट काढता काढता तो क्षणभर थांबला. “पण एक गंमत सांगू? बाकीच्या टाक्यांत मला कसं एकटं एकटं वाटतं. हिच्यात नाही वाटलं. बरं वाटत होतं उलट.”

एवढं बोलून तो हात धुवायला गेला. कालचं शिकणं राहिलं होतं, आज त्याची पोर सायकल घेऊन दारात उभी असणार होती.

गडी झाकण बसवायला येत होते. ती मॅनहोलशी वाकली. रिकाम्या टाकीत बोललेलं परत येतं, कोणतीही लोखंडी टाकी असो. गडी त्यात कुकारे घालतात, शिट्ट्या मारतात, पोरकटपणा करतात, आणि टाकी सगळं जसंच्या तसं परत करते. मघाशी तिच्या प्रत्येक ‘बाळ्या’मागून टाकीनेही ‘बाळ्या’ म्हटलं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही याची खात्री केली, आणि आत तोंड घालून हळूच म्हणाली, “उपकार झाले हो तुमचे.”

तिने वाट पाहिली. शब्द परत आले नाहीत. कोणीतरी ते ठेवून घेतले होते.

तिच्या अंगावर काटा आला, नाही असं नाही. पण खाली नळापाशी बाळ्या पाणी उडवत मोठमोठ्याने हसत होता, आणि ते हसू जिन्यावरून वर येत होतं.

“ताई, चल ना! आजही उशीर झाला तर पोरगी बोलणार नाही माझ्याशी.”

“आले रे, आले!” ती म्हणाली, डोळे पुसले आणि गड्यांना सांगितलं, झाकण हळू ठेवा, आपटू नका.